झाडाचं आजोळ

पावसाळा सरत आला की नर्सरीत फोन वाजायला लागतात, आणि त्यातले निम्मे तरी एकाच तक्रारीचे असतात. "ताई, डेंड्रोबियम आणून दोन वर्षं झाली. पानं हिरवीगार आहेत, नवे कोंबही येतात, पण फूल काही येत नाही." समोरच्याला खताचं नाव हवं असतं. मी आधी विचारते, "लेबलावर काय लिहिलंय?" बहुतेकांचं लेबल कुंडी बदलताना हरवलेलं असतं, नाहीतर झाडाबरोबर आलेलंच नसतं. मग फोटो मागवायचा आणि कांडीची जाडी, पानांची ठेवण, फुलाचा दांडा पूर्वी कुठून फुटला होता याच्या खुणा पाहून अंदाज बांधायचा.

नुसतं 'डेंड्रोबियम' म्हटलं तर काहीच हाती लागत नाही. या एका प्रजातीत दीड हजारांच्या वर जाती आहेत. हिमालयापासून ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडपर्यंत त्या पसरल्या आहेत. मुंबईच्या फूलबाजारात जांभळ्या-पांढऱ्या दांड्यांचं जे थायलंडी डेंड्रोबियम दिसतं, त्याच्या वाडवडिलांमध्ये उत्तर ऑस्ट्रेलियातलं डेंड्रोबियम बिगिबम आहे. तिथं बारा महिने उष्मा. त्यामुळे आमच्या सावंतवाडीत ते वर्षभर आनंदानं वाढतं आणि वर्षातून दोन-तीनदा फुलतंही. डेंड्रोबियम नोबिले मात्र हिमालयाच्या पायथ्याचं झाड, सिक्कीमचं राज्यफूल. पावसाळ्यात पोटभर पाणी आणि थंडीत कोरडा, गार विसावा, ही त्याची हजारो वर्षांची सवय. दादरच्या बाल्कनीत डिसेंबरातही रोज पाणी आणि वर नायट्रोजनचं खत मिळालं, की ज्या डोळ्यांतून फुलं फुटायची त्या डोळ्यांतून ते पिल्लं काढतं. मालक पिल्लं पाहून खूश होतो आणि फुलांची वाट पाहत राहतो. त्याला मी खत सांगत नाही. ऑक्टोबरपासून पाणी तोडा, खत बंद करा आणि झाड रात्रीच्या उघड्या हवेत ठेवा, एवढंच सांगते.

तिसरं डेंड्रोबियम आमच्या सह्याद्रीतलं, बार्बाट्युलम. पावसाळा संपला की ते पानं गाळून बसतं. उरतात त्या राखाडी, सुरकुतलेल्या कांड्या, आणि थंडीत त्याच कांड्यांवर फिकट गुलाबी झाक असलेली पांढरी फुलं ओळीनं उमलतात. नवखा माणूस ही कांडी वाळलेली समजून फेकून देतो. नाव एकच, झाडं तीन, आणि तिघांचं वागणं तीन तऱ्हेचं. कारण तिघांचं आजोळ वेगळं.

इतकी वर्षं ऑर्किड वाढवून आणि विकून माझी एक समजूत पक्की झाली आहे. संग्राहकाच्या शेडमध्ये किती झाडं आहेत यापेक्षा त्यातल्या किती झाडांचं आजोळ त्याला ठाऊक आहे, यावर त्या संग्रहाची किंमत ठरते. झाड कुठल्या डोंगरातलं, कुठल्या बेटावरचं, संकर असेल तर कोणाकोणाचा, हे कळलं की त्याला ऊन किती, पाणी किती, थंडी हवी की नको, यातलं बरंचसं आपोआप सुटतं. म्हणून माझ्याकडे कामाला येणाऱ्या प्रत्येकाला मी पाणी घालायला शिकवण्याआधी लेबल वाचायला शिकवते.

लेबल वाचण्याचे नियम थोडेच आहेत, पण ते कडक आहेत. लॅटिन नावात पहिला शब्द प्रजातीचा. दुसरा शब्द लहान अक्षरानं सुरू झाला तर ती निसर्गातली जाती, मोठ्या अक्षरानं सुरू झाला तर माणसानं केलेला संकर. त्यापुढे एकेरी अवतरणात नाव असेल तर ते त्या संकरातल्या एका विशिष्ट झाडाचं आणि त्याच्यापासून फूट काढून किंवा ऊतीसंवर्धनानं वाढवलेल्या झाडांचं. दोन नावांमध्ये फुली असेल तर आधीचं नाव शेंग धरणाऱ्या झाडाचं, म्हणजे आईचं, आणि नंतरचं परागकण देणाऱ्याचं. आमच्या शेडमध्ये ही लेबलं देवनागरीत लिहायची ठरवली तेव्हा अडचण आली, कारण आपल्या लिपीत लहान-मोठं अक्षर नसतं. तेव्हा आम्ही रंग ठरवले. जातीला पांढरी पट्टी, संकराला पिवळी. पट्टीवर पेन्सिलनंच लिहायचं, कारण मार्करची शाई कोकणातल्या उन्हात आणि पावसात एका हंगामात उडते. पेन्सिल टिकते. आणि एक पट्टी वर दिसेल अशी खोचायची, तर दुसरी कुंडीच्या आत, मुळांजवळ.

पाणी घालणाऱ्या मावशींची शाळा चौथीत सुटली होती. आता पट्टीवर 'कोएरुलिया' दिसलं की त्या ती टोपली आपणहून पश्चिमेच्या उन्हातून काढून आतल्या रांगेत टांगतात. 'सँडेरियाना' दिसलं की मला हाक मारतात, "ताई, ह्येका उजेड जास्ती होयो." ही दोन नावं त्यांनी इतकी पक्की का धरली, ते सांगायचं तर व्हँडाची गोष्ट सांगायला हवी.

व्हँडा कोएरुलिया ही मेघालयातल्या खासी टेकड्यांची निळी आमरी. विल्यम ग्रिफिथ या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८३७मध्ये ती पाहिली आणि पुढे तिच्या निळ्या रंगानं इंग्लंडातल्या संग्राहकांना वेड लावलं. खरा निळा रंग ऑर्किडमध्ये दुर्मीळ आहे. फूल जवळून पाहिलं तर पाकळ्या पातळ, किंचित पीळ पडलेल्या, दोन पाकळ्यांत फट आणि अंगभर गडद निळ्या रेषांची जाळी. झाड गार उतारांवरचं. दुसरी व्हँडा सँडेरियाना, फिलिपाइन्सच्या मिंदानाओ बेटावरची. सखल, दमट, उष्ण जंगलात उंच झाडांवर वाढणारी. तिचं फूल मोठं, सपाट आणि भरीव, वरच्या पाकळ्या गुलाबी आणि खालच्या तपकिरी जाळीच्या. या दोघींचा संकर १९३१मध्ये 'रॉथशिल्डियाना' या नावानं नोंदला गेला. एकीचा निळा रंग, दुसरीची गोलाई. आज बाजारात निळीजांभळी व्हँडा म्हणून जे काही मिळतं, त्यातल्या बहुतेकांच्या वंशावळीत ही दोघं कुठे ना कुठे सापडतात.

पण रंग आणि गोलाई यांच्याबरोबर स्वभावही येतो, आणि संग्राहकाला तोच आधी कळायला हवा. ज्या संकरात सँडेरियानाचा वाटा जास्त, ते झाड आमच्याकडे एप्रिल-मेच्या उकाड्यात जोमात वाढतं, पण पुण्याच्या जानेवारीत त्याची मुळं टोकं बंद करून बसतात. कोएरुलियाचा वाटा जास्त असेल तर पुण्या-कोल्हापूरची थंडी त्याला मानवते, फुलं अधिक गडद येतात आणि किनारपट्टीवर मात्र ते उन्हाळाभर धापा टाकतं. एका कोल्हापूरच्या गृहस्थांकडे माझ्याकडूनच नेलेली दोन निळी झाडं आहेत. फुलं बाजूबाजूला धरली तर फरक सांगता येणार नाही. एक दर हिवाळ्याआधी फुलतं, दुसऱ्यानं तिथं गेल्यापासून एकदाही दांडा काढलेला नव्हता. त्यांनी वंशावळ काढून पाहिली तेव्हा दुसऱ्याच्या चार आजी-आजोबांपैकी तिघांत सँडेरियानाचं रक्त निघालं. ते झाड त्यांनी रत्नागिरीच्या बहिणीकडे पाठवलं आणि पहिल्याच पावसाळ्यात ते फुललं.

व्हँडाच्या घराण्यात आणखी एक छोटं झाड मिसळलं आहे, पूर्वी ज्याला ॲस्कोसेंट्रम म्हणत ते. वीतभर उंचीचं, नारिंगी-तांबड्या, बोराएवढ्या फुलांचा तुरा काढणारं. मोठ्या व्हँडाशी त्याचा संकर केला की झाडाची उंची घटते, फुलांची संख्या वाढते आणि रंग तापतात. 'यिप सम वा' हा त्यातला गाजलेला संकर. मुंबईच्या खिडकीत मोठी व्हँडा मावत नाही, तिथं या गटातली झाडं द्यावीत. माझ्याकडचे बरेचसे मुंबईकर संग्राहक या छोट्या झाडांवरच वाढले आहेत.

ऑर्किडचं कुल फुलझाडांतल्या दोन सर्वांत मोठ्या कुलांपैकी एक. निसर्गातल्या जाती २८,०००च्या आसपास, आणि भारतात त्यातल्या साडेबाराशेच्या जवळपास. माणसानं केलेले नोंदणीकृत संकर त्याच्या कितीतरी पट, दीड लाखाहून अधिक. पहिला संकर इंग्लंडात एक्सेटरच्या व्हीच नर्सरीत जॉन डॉमिनी नावाच्या माळ्यानं केला आणि तो १८५६मध्ये फुलला. तो कॅलँथे या जमिनीवरच्या ऑर्किडचा होता. नर्सरीतल्या माळ्यानं या विद्येची सुरुवात केली याचा मला आजही अभिमान वाटतो. पुढे सँडर या नर्सरीवाल्यानं संकरांची यादी ठेवायला घेतली, आणि १९६१पासून ती नोंदवही लंडनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी सांभाळते. जगात कुठंही, कोणीही दोन ऑर्किडांचा संकर करून तो फुलवला आणि तो आधी कोणी नोंदवलेला नसेल, तर त्याला नाव देऊन तिथं नोंदवता येतं. त्यामुळे आज कोणत्याही नोंदलेल्या संकराचं नाव घेऊन मागे मागे जाता येतं, थेट रानातल्या जातीपर्यंत. दुसऱ्या कुठल्या फुलझाडाची इतकी लांब आणि इतकी उघडी वंशावळ मला माहीत नाही.

तरीही डॉमिनीनंतर कितीतरी वर्षं हे काम रखडत होतं, कारण बी रुजत नव्हतं. ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं. एका शेंगेत हजारो, काही जातींत लाखो बिया, आणि एकीकडेही रुजण्यापुरती शिदोरी नसते. रानात एक विशिष्ट बुरशी त्या बीजात शिरते आणि त्याला पोसते. ही गोष्ट फ्रान्सच्या नोएल बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओळखली. १९२२मध्ये अमेरिकेतल्या लुइस नडसन यांनी दाखवलं की साखर आणि क्षार घातलेल्या आगरवर बुरशीशिवायही बी रुजतं. माझ्या कपाटातल्या प्रत्येक काचेच्या बाटलीत त्यांचंच काम चालू असतं. शेंग पिकून तडकायच्या आधी, हिरवी असतानाच ती प्रयोगशाळेत पाठवायची. व्हँडाच्या शेंगेला वर्षाच्या आसपास लागतं. मग बाटलीत हिरवे ठिपके दिसेपर्यंत काही महिने, बाटलीतून काढण्याजोगी रोपं व्हायला आणखी वर्ष-दीड वर्ष, आणि नंतर कोळशाच्या तुकड्यांवर, सोडणावर, टोपलीत अशी पहिल्या फुलापर्यंत चार-पाच वर्षं सहज. टूथपिकच्या टोकानं दोन पिवळे परागपिंड उचलून समोरच्या फुलाच्या चिकट खाचेत ठेवायला क्षणभर पुरतो.

त्या चार-पाच वर्षांनंतर जे उमलतं त्यात खरी मौज आहे. एकाच शेंगेतली भावंडं एकसारखी नसतात. एकाचा ओठ गडद, दुसऱ्याचा फिका, एकाच्या पाकळ्यांवर ठिपके, दुसऱ्यावर नुसती शिंतोड्यांची कडा. नियमानं या सगळ्या भावंडांना संकराचं एकच नाव मिळतं. त्यातलं एखादं डोळ्यांत भरलं तर त्याला एकेरी अवतरणातलं स्वतःचं नाव द्यायचं. संग्राहकांत यावरून दोन तट आहेत. काहींना निवडलेलं, नावाजलेलं, बक्षीस मिळवलेलं झाड हवं असतं आणि ते ऊतीसंवर्धनातून घेतात, म्हणजे काय फुलणार हे आधीच ठाऊक असतं. काही जण मुद्दाम शेंगेतली रोपं घेतात आणि वाट पाहतात. मी स्वतः दुसऱ्या तटातली. फोटोत पाहिलेलं फूल कुंडीत फुललं तर आनंद होतोच, पण जे फूल याआधी जगात कोणी पाहिलेलं नाही ते आपल्या शेडमध्ये पहिल्यांदा उमलताना पाहणं ही फार मोठी गोष्ट आहे. अर्थात ऊतीसंवर्धनातही निसर्ग कधी हात फिरवतो. तैवानमध्ये फॅलेनॉप्सिसच्या 'गोल्डन पिओकर' या संकराची झाडं ऊतीसंवर्धनानं वाढवताना काहींच्या पाकळ्यांवरचे बारीक ठिपके एकत्र येऊन मोठे, गडद डाग झाले. त्यांतून हार्लेक्विन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फुलांची एक नवी शाखाच सुरू झाली.

जातीच हव्यात, संकर नकोत, असं म्हणणारे संग्राहकही आहेत आणि त्यांचं म्हणणं मला समजतं. तळहातावर मावणारं बल्बोफायलम, ज्याचं फूल भिंगातून पाहावं लागतं आणि ज्याला कुजक्या मांसाचा वास येतो, ते वासासाठी कोण ठेवील? पण त्या वासावर माशी येते आणि फुलाचं काम होतं, हे ज्याला कळलं त्याला तो वासही हवासा वाटतो. दोन हजारांच्या वर जाती असलेली ही ऑर्किडमधली सर्वांत मोठी प्रजाती, आणि तिचे चाहते फार निष्ठावंत. बेळगावचे एक निवृत्त शिक्षक गेली कित्येक वर्षं फक्त बल्बोफायलम जमवतात. त्यांच्याकडचं प्रत्येक झाड कुठल्या नर्सरीतून, कुठल्या तारखेला आलं, याची वही आहे. उलट ठाण्याच्या एक काकू फक्त कॅटलिया ठेवतात, त्याही मोठ्या, झालरीच्या ओठाच्या आणि सुगंधी. जात असो की संकर, दोघांच्या लेबलांत मला एकदाही चूक सापडलेली नाही.

काकूंची लेबलं मात्र मध्यंतरी सगळी बदलावी लागली. कॅटलियाच्या ओठाला ती दाट झालर ज्या मध्य अमेरिकी झाडाकडून येते, त्याला पूर्वी ब्रासावोला म्हणत. नंतर शास्त्रज्ञांनी ते ऱ्हिंकोलेलिया या वेगळ्या प्रजातीत ठेवलं. ब्राझीलची लेलिया आणि सोफ्रोनायटिस ही कॅटलियातच विलीन झाली. डीएनएच्या आधारे नाती नव्यानं लागली, तशी संकरांच्या प्रजातींची नावंही बदलली. व्हँडाचंही तेच. ॲस्कोसेंट्रम आता व्हँडाच आहे आणि जपानी सामुराईंच्या आवडीचं इवलंसं निओफिनेशियाही व्हँडा झालं. पुष्कळ संग्राहक यावर चिडतात. काकू चिडल्या नाहीत. त्यांनी नवी पट्टी खोचली आणि जुनीही काढली नाही. माझा सल्ला सगळ्यांना हाच असतो. जुनं नाव पुसू नये, त्याखाली नवं लिहावं, कारण दहा वर्षांनी कोणाला वंशावळ शोधायची झाली तर जुन्या नावाचा धागा लागेल.

आता जे लिहायचं आहे त्यानं माझं डोकं अजूनही तापतं. मे महिन्याच्या शेवटी आमच्या भागात सीतेची वेणी फुलते. आंब्या-फणसाच्या फांद्यांवरून पांढऱ्या-जांभळ्या फुलांच्या लांब वेण्या खाली लोंबतात. हिचं शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसा. आसामात हिलाच कोपौ फूल म्हणतात आणि बिहूच्या नाचात मुली ती केसांत माळतात. त्याच दिवसांत कोणीतरी मोटरसायकलवर पोतं टाकून नर्सरीच्या फाटकाशी येतो. पोत्यात रानातून ओरबाडलेल्या वेण्या असतात, एरिडिसची झाडं असतात, कधी फांदीसकट तोडलेली डेंड्रोबियमं. "ताई, घेतास? सगळा स्वस्तात दितंय." मी घेत नाही. फाटकाशीच त्याला सांगते की हा गुन्हा आहे, आणि हेही सांगते की ही झाडं मरणार आहेत. सालीला घट्ट धरलेली मुळं ओढून काढताना तुटतात. झाड पानांतल्या आणि खोडातल्या साठ्यावर काही महिने, कधी वर्षभरही हिरवं दिसतं, कधी जाता जाता फुलतंही. विकत घेणाऱ्याला वाटतं झाड लागलं. ते लागलेलं नसतं. पुढच्या उन्हाळ्यात ते वाळतं, आणि ज्या फांदीवरून ते काढलं तिथंही पुन्हा येत नाही.

संग्राहकांच्या हव्यासाचा इतिहास कमी नाही. पॅफिओपेडिलम फेअरिएनम ही पूर्व हिमालयातली नाजूक ऑर्किड एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात फुलली, मग वाढवलेली झाडं संपली आणि ती हरवलेली म्हणून गाजली. सँडरनं ती शोधून आणणाऱ्याला हजार पौंडांचं बक्षीस लावलं होतं. १९०५च्या सुमारास ती पुन्हा सापडली आणि पाठोपाठ रानातून गाड्या भरभरून उपसली गेली. आपल्या पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाला, अगस्त्यमलईच्या डोंगरांत, पॅफिओपेडिलम ड्रुरी नावाची पिवळी ऑर्किड आहे. जगात दुसरीकडे कुठंही नाही. तीही अशाच उपशानं नामशेष होण्याच्या काठावर आली. आज लेडीज स्लिपर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या ऑर्किडांना आणि निळ्या व तांबड्या व्हँडाला आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं खास संरक्षण आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या सायटिस करारात तर ऑर्किडचं सगळं कुल आहे. थायलंडहून रोपं मागवताना परवाने आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र यांच्या मागे महिने जातात. ते जायलाच हवेत असं मला मनापासून वाटतं.

फार जण मला विचारतात, मग जंगली जाती आम्ही ठेवायच्याच नाहीत का? ठेवा. बाटलीत बियांपासून वाढवलेल्या ठेवा. तशी रोपं सांभाळायला सोपीही असतात, कारण त्यांची मुळं कुंडीतच जन्मलेली असतात. विकणाऱ्याला विचारा, हे कुठल्या शेंगेतलं, कोणी रुजवलं? उत्तर देता आलं नाही तर तिथून घेऊ नका. पानावर रानातल्या शेवाळाचे डाग, एका बाजूला कललेली वाढ, एकाच लांबीवर तुटलेली जुनी मुळं आणि मधल्या वर्षांची काहीच खूण नाही, असं झाड दिसलं की ते रानातून आलंय हे ओळखायला शिका.

या सगळ्यातून माझं एक काम उभं राहिलं आणि सध्या माझा सर्वांत जास्त वेळ त्यातच जातो. व्हँडा टेसेलाटा ही आपल्याकडची व्हँडा. कोकणात, देशावर, विदर्भात, कोरड्या भागातसुद्धा आंब्यांवर वाढते. काही ठिकाणी तिला रास्ना म्हणतात. फुलं फार मोठी नाहीत. पाकळ्या हिरवट-पिवळ्या किंवा तपकिरी आणि त्यावर चौकटीची जाळी, ओठ निळाजांभळा. पण सुवास असा की संध्याकाळी वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभं राहिलं तरी येतो. सिंगापूरमध्ये हिचा 'टॅन चे यान' या गाजलेल्या संकराशी संकर झाला आणि त्यातून 'मिमी पामर' आली. सुगंधासाठी ती जगभर नावाजलेली आहे. माझ्याकडे पणजीहून एक गृहस्थ आले होते. त्यांनी बँकॉकहून मागवलेली मिमी पामर फुलली होती आणि ते तिच्या वासाचं वर्णन करत होते. मी त्यांना मागच्या अंगणात नेलं, आमच्या जुन्या आंब्याखाली. टेसेलाटा फुलली होती. त्यांनी डोळे मिटून वास घेतला आणि म्हणाले, "अहो, हाच!" मी म्हटलं, "हाच. तुमच्या झाडाचा बाप तो." त्यांच्या स्वतःच्या वडिलोपार्जित वाडीतही आंब्यांवर ही झाडं असणार, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं.

तेव्हापासून मी टेसेलाटाच्याच शेंगा धरते आहे. आंब्यावरची झाडं काढायची नाहीत, परागकण एका झाडावरून दुसऱ्यावर न्यायचे, शेंग हिरवी असताना काढून प्रयोगशाळेत द्यायची. एका झाडाचे रंग जवळजवळ पिवळे, दुसऱ्याची जाळी गर्द तपकिरी, तिसऱ्याचा ओठ इतका निळा की कोएरुलियाची आठवण व्हावी. या तिघांच्या आपापसांतल्या शेंगांमधली रोपं मी संग्राहकांना दिली. दोन अटी घातल्या. लेबलावर आईबापांचा क्रमांक आहे, तो कधी काढायचा नाही. आणि पहिलं फूल आलं की फोटो, तारीख आणि आपल्याकडचं त्या आठवड्याचं हवामान कळवायचं.

पहिल्या तुकडीतली झाडं आता फुलू लागली आहेत. नागपूरच्या एकानं कळवलं की चाळीस अंशांच्या वर तापमान असताना त्यांच्या गच्चीवरच्या झाडानं दांडा काढला. शेडनेटच्या कडेला, फक्त संध्याकाळच्या एका पाण्यावर. फूल तपकिरी जाळीचं. त्याच शेंगेतलं ठाण्याच्या काकूंकडचं झाड पिवळं निघालं, ओठ निळा, आणि वास सकाळी जास्त. बेळगावच्या गुरुजींनी बल्बोफायलम सोडून पहिल्यांदाच दुसऱ्या प्रजातीचं रोप घेतलं होतं. त्यांचं अजून फुललेलं नाही, पण त्यांनी पाठवलेल्या पत्रात पानांची मापं आहेत. नागपूरकरांना काकूंच्या झाडाचे परागकण हवे आहेत. काकूंनी ते बटर पेपरच्या पुडीत बांधून, सिलिकाच्या डबीत घालून पाठवले आहेत, पुडीवर दोन्ही क्रमांक आणि तारीख पेन्सिलनं लिहून. शेंग धरली तर ती मीच प्रयोगशाळेत न्यायची असं ठरलं आहे.